वेळासचं कासव, संगमेश्वरचा बेहडा आणि मधली संस्था

गावाला गेलं की हा प्रश्न कुठे ना कुठे निघतोच, देवळात नाहीतर एसटीत, की ती कासवंवाली, झाडंवाली संस्थेची माणसं येतात ती नेमकं करतात तरी काय आणि त्यांना पैसे कोण देतं? कोणी म्हणतं सरकारचीच माणसं ती, कोणी म्हणतं परदेशातून फंड येतो, कोणी म्हणतं प्रकल्प अडवायला बसलेत. प्रत्येकाच्या म्हणण्यात कुठे ना कुठे थोडं तथ्य असतं, पण सगळं चित्र सलग कोणी सांगत नाही. ते नीट सांगायला हवं असं मला खूप दिवस वाटतंय, कारण आपल्या कोकणातलं बरंच काही या छोट्या छोट्या संस्थांमुळे टिकलंय आणि आपल्यालाच ते धड माहीत नाही.

सुरुवात जमिनीपासून करूया, कारण कोकणातला सगळा मामला जमिनीचाच आहे. विदर्भात जंगल म्हटलं की वनखातं डोळ्यासमोर येतं. आपल्याकडे, खास करून रत्नागिरी जिल्ह्यात, वनखात्याच्या ताब्यातली जमीन फारच थोडी आणि जो हिरवागार डोंगर दिसतो ना तो बहुतेक कोणाच्या ना कोणाच्या सातबाऱ्यावर आहे. खाजगी आहे. म्हणजे तो राखायचा की तोडायचा हे शेवटी खातेदार ठरवतो आणि तो खातेदार म्हणजे एक माणूस नसतो हो, आजोबा-पणजोबांच्या नावावरची जमीन, वारस लागत लागत सातबाऱ्यावर वीस-तीस नावं, निम्मे मुंबईला, काही पुण्याला, दोघंतिघं वारलेले पण नाव तसंच राहिलेलं, आणि गावात राहणारा एकच म्हातारा काका ज्याच्याकडे लाकूडवाला ठेकेदार येऊन बसतो.

ठेकेदार डोंगराचा डोंगर उक्ता घेतो, एवढे एवढे पैसे, सगळं रायवळ, म्हणजे सरसकट जंगली झाडोरा, साफ. लाकूड जातं भट्ट्यांना, बॉयलरला. काकाला दुरुस्तीला पैसे हवे असतात, नातीचं लग्न असतं, मुंबईकर भाऊ फोनवर हो म्हणतात. झाडतोडीला परवानगीचा कायदा आहे, १९६४ चा, पण कायदा झाड तोडायची प्रक्रिया सांगतो, झाड ठेवलं तर काकाला काय मिळेल हे तो सांगत नाही. नेमक्या या जागी संस्था येते. तिच्याकडे वर्दी नाही, दंड करायचा अधिकार नाही, तिच्याकडे असतो वेळ, बोलायची तयारी आणि कधीकधी थोडा पैसा. त्यामुळे कोकणात निसर्ग राखणं हे नव्वद टक्के माणसांशी बोलणं असतं असं मला वाटतं, झाडं लावणं हा त्यातला अगदी छोटा आणि फोटोत चांगला दिसणारा भाग आहे.

याचं सगळ्यात समजायला सोपं उदाहरण म्हणजे वेळास. मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणवीसांचं गाव. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था १९९२ पासून काम करतेय, भाऊ काटदरे हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. २००२ मध्ये ही मंडळी किनाऱ्यावर समुद्री गरुडाची घरटी बघत फिरत होती तेव्हा त्यांना वेळासला कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. ऑलिव्ह रिडले जातीचं कासव, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमधलं, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण, कागदावर. प्रत्यक्षात अंडी काढून खाल्ली आणि विकली जात होती आणि त्यात कोणाला काही वावगंही वाटत नव्हतं, किनाऱ्यावर मिळतंय ते घ्यायचं, पिढ्यान् पिढ्या चाललंय.

आता इथे दोन रस्ते होते. एक, वनखात्याला कळवा, केस करा. दुसरा, गावात बसून बोला. त्यांनी दुसरा धरला आणि त्यातली जी गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते ती ही, की अंडी शोधण्यात जी माणसं तरबेज होती त्यांनाच घरटी शोधायच्या कामाला लावलं. कारण वाळूवरचा माग ओळखणं हे पुस्तकात वाचून येत नाही. मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या वल्ह्यांनी हातभर खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटून वरून अंग आपटून दाबते आणि परत जाते, मागे राहतो फक्त येण्याजाण्याचा माग. पहाटे कुत्री आणि कोल्हे उठायच्या आत तो माग बघून खड्डा नेमका कुठे आहे हे काठीने चाचपून सांगणारा माणूस हवा.

पुढचं काम बघण्यासारखं असतं. ती अंडी काढून जाळीच्या कुंपणात, म्हणजे हॅचरीत, तशाच आकाराचा, तेवढ्याच खोलीचा खड्डा करून पुन्हा पुरतात. अंडी हलवायची तर सुरुवातीच्या काही तासांतच, गोल फिरवायची नाहीत, उलटीपालटी करायची नाहीत, नाहीतर आतला जीव मरतो. मूळ खड्ड्यातली थोडी वाळूही सोबत नेतात. मग साधारण दीड ते दोन महिने थांबायचं. दिवस भरत आले की वर टोपली उपडी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. वाळू जरा खचल्यासारखी दिसते, मग एक नाक, मग एकदम पंधरा-वीस पिल्लं. ऊन चढायच्या आत किंवा उतरल्यावर त्यांना पाण्यापासून थोडं अलीकडे सोडतात, हातात धरून पाण्यात टाकत नाहीत, त्यांनी स्वतः चालत जायचं असतं. आणि एक, वाळूच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, वाळू जास्त तापली की माद्या जास्त. त्यामुळे हॅचरी सावलीत की उन्हात हासुद्धा विचार करायचा प्रश्न आहे, आणि उन्हाळे वाढत चाललेत तसा तो जास्त मोठा होणार आहे.

बरं, हे सगळं वर्षानुवर्षं फुकट कोण करणार? म्हणून २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं सोडताना बघायला लोक आले की त्यांनी गावातल्या घरांमध्येच राहायचं, घरातलं जेवण जेवायचं, हॉटेल नाही, रिसॉर्ट नाही. साधी पडवी, शेणाने सारवलेलं अंगण, भात-आमटी, उकडीचे मोदक. पैसे त्या त्या घरात. बघता बघता गणित फिरलं, अंडी विकून एकदाच मिळायचे त्यापेक्षा पिल्लू समुद्रात गेलेलं दाखवून सीझनभर जास्त मिळायला लागले. पुढे वनखातं, त्यांचा खारफुटीचं काम बघणारा कांदळवन कक्ष आणि गावचे कासवमित्र यांच्याकडे काम गेलं आणि संस्था बाजूला झाली. आंजर्ल्याला, गुहागरला, सिंधुदुर्गात किती तरी किनाऱ्यांवर आता कासवमित्र आहेत. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या किनाऱ्यावरच एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवला, तिचं नाव प्रथमा, पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालणारी कासवं पुढे कुठे जातात हे पहिल्यांदा कळायला लागलं ते तिथून.

आणि मच्छीमारांचंही बघा. जाळ्यात कासव अडकलं तर सोडवायला जाळं कापावं लागतं, जाळं महाग. नुसतं "कासव वाचवा" म्हणून खलाशी जाळं कापेल का? २०१८ च्या शेवटी सरकारने ठरवलं की कासव किंवा तसा संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापलं तर पंचवीस हजारांपर्यंत भरपाई. त्यासाठी सोडतानाचा फोटो, व्हिडिओ लागतो. अर्ज कसा करायचा, कुठे द्यायचा, हे सांगायला बंदरावर कोणीतरी लागतं. पुन्हा तेच, मधला माणूस.

आता डोंगरात जाऊ, संगमेश्वर तालुक्यात. तिथे देवराया आहेत, आपल्या बोलण्यात राई. देवाचा कौल घेतल्याशिवाय वाळकं लाकूडसुद्धा बाहेर न्यायचं नाही अशी रीत. अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही १९९४ ला स्थापन झालेली पुण्याची संस्था इथे वर्षानुवर्षं काम करतेय. देवराईत बाहेरच्या माणसाने जाऊन "जैवविविधता जैवविविधता" केलं तर मानकरी ऐकून घेतात आणि चहा पाजून पाठवतात. देवळाची कौलं गळतायत, पाण्याची टाकी नाही, गावाला तो प्रश्न आधी दिसतो. मग देवळाच्या कामाला मदत आणि राईला हात न लावायचा गावाचा ठराव असं एकत्र बांधत गेले. यावर काही लोक टीका करतात की हे देवळाला पैसे देणं झालं. मला तसं वाटत नाही, राई ज्या देवाच्या भीतीने उभी आहे त्या देवाचं घर पडकं झालं की राईचीही रया जाते, हे कोणत्याही गावकऱ्याला सांगायची गरज नाही.

खाजगी जंगलासाठी त्यांनी वेगळी पद्धत काढली, संवर्धन करार. मालकांनी ठरावीक वर्षं झाडं तोडायची नाहीत आणि बदल्यात त्यांना काही मोबदला. तो काका आठवतो ना, त्याला आता ठेकेदाराखेरीज दुसरा पर्याय मिळाला. पण वीस-तीस खातेदारांच्या सह्या कशा आणायच्या! त्यासाठी गणपतीत नाहीतर शिमग्यात गाठायचं सगळ्यांना, कारण तेव्हाच मुंबईकर गावात असतात, आणि पालखी नाचत असताना कोणी करारावर बोलत नाही, त्यामुळे मधले दोन-तीन दिवसच हातात. हे काम ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत.

करारापेक्षाही मला आवडतो तो बेहड्याचा मार्ग. बेहडा म्हणजे त्रिफळ्यातला एक. मोठाले जुने बेहडे, त्यांच्या ढोल्यांमध्ये धनेश घरटी करतात, आपल्याकडे ज्याला कोणी ककणेर कोणी माडगरुड म्हणतात तो. मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि नर बाहेरून चोचीएवढ्या फटीतून फळं भरवतो. म्हणजे असा म्हातारा ढोलीवाला बेहडा गेला की घरटं गेलं, नवीन रोपाला तशी ढोली व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. त्या बेहड्याची फळं तर दर वर्षी पडतात आणि औषधी कंपन्यांना ती हवी असतात, फक्त दलालाकडून मिळणारा भाव इतका कमी की गोळा करायचे श्रम निघत नाहीत. संस्थेने फेअरवाइल्ड नावाचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट मिळवून दिलं, म्हणजे फळं नीट पद्धतीने, थोडी जनावरांना-पाखरांना ठेवून, झाडाला इजा न करता गोळा केलीत आणि गोळा करणाऱ्याला रास्त पैसे दिलेत याची खात्री. मग इंग्लंडच्या एका हर्बल चहाच्या कंपनीने ती फळं घेतली. लाकडाला एकदा मिळणारे पैसे आणि फळांना दर वर्षी मिळणारे पैसे, हा हिशेब चुलीपुढे बसूनही करता येतो. अर्थात हे सगळं सोपं नाही, फळं वाळवताना बुरशी लागली की माल परत, सर्टिफिकेटचं ऑडिट दरवेळी, कागद ढीगभर. ते कागद वाडीतली बाई करू शकत नाही, तिने करायचीही गरज नाही, ते काम संस्थेचं.

असंच थोडं वेंगुर्ल्याला. मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, स्वतः वल्हवत, तिवर कोणती, चिपी कोणती हे सांगत. पूर्वी याच झाडांना लोक निरुपयोगी झाडी समजायचे. त्यामागे सिंधुदुर्गात झालेला युएनडीपीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा, किनारी जैवविविधतेचा प्रकल्प होता आणि राज्य सरकारचा कांदळवन कक्ष, जो २०१२ ला झाला. खेकडे, कालवं पाळायच्या योजनाही त्यातूनच. इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा, कांदळवन प्रतिष्ठान हे नावाला फाउंडेशन असलं तरी ते सरकारने काढलेलं आहे, गावातल्या चार जणांनी काढलेल्या संस्थेसारखं नाही. दोन्ही लागतात.

पाणी आणि चूल यांच्यावर काम करणारे वेगळेच. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलला टँकर, कारण उतार तीव्र, जांभा पाणी धरून ठेवत नाही, सगळं पऱ्या-वहाळातून समुद्राला. पावसाळा संपता संपता सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वहाळ अडवतात ते वनराई बंधारे, खर्च जवळजवळ नाही, श्रमदान हवं. कुडाळजवळ झारापला डॉ. प्रसाद देवधरांचं भगीरथ प्रतिष्ठान आहे, त्यांनी बायोगॅस घरोघर नेला. बायोगॅस म्हटलं की लोक कंटाळतात, जुनी गोष्ट वाटते, पण घरच्या बाईची डोंगरातून मोळी आणायची फेरी वाचते, धूर वाचतो, स्लरी माडाला जाते आणि जंगलावरचा रोजचा ओरबाडा थांबतो, एका संयंत्रात एवढं सगळं. त्याची गोम अशी की गोठ्यात गुरं हवीत आणि हल्ली कोकणात गुरंच कमी होत चाललीयेत. ही परंपरा तशी जुनी, कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रम काढला १९४८ मध्ये, तेव्हा पर्यावरण हा शब्दही कोणी वापरत नव्हतं आणि ते मैल्याचं खत करा, गोपुरी संडास बांधा म्हणून सांगत फिरत होते.

सड्यांबद्दल, म्हणजे आपल्या सपाट उघड्या कातळांबद्दल, न बोलता पुढे जाववत नाही. सातबाऱ्यावर कातळाची नोंद असते पोटखराब. म्हणजे सरकारी भाषेत या जमिनीचा उपयोग शून्य. आणि त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने हत्ती, मासे, गेंडा, माणसं कोरून ठेवलीत. रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेने, सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सोबत्यांनी, गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून ही कातळशिल्पं शोधून काढली आणि २०२२ मध्ये बारसू, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, जांभरुण अशी ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पावसाळ्यात त्याच सड्यावर आठवड्या-आठवड्याला रंग बदलणारी फुलं येतात, डबक्यांत बेडूक, आणि खालच्या वाडीच्या विहिरीचं पाणी त्याच सड्यावरून मुरत येतं. पोटखराब हा शिक्का बसला की ती जमीन चिऱ्याच्या खाणीला नाहीतर प्लॉटिंगला द्यायला कोणालाच हळहळ वाटत नाही. नोंद करणं, नकाशा करणं, नाव देणं हे काम दिसायला किरकोळ वाटतं, पण जे कागदावर नाही ते वाचवायचं तरी कसं?

आता पैशांचं, कारण खरा प्रश्न तोच असतो. संस्था रजिस्टर होते ती मुख्यतः तीन प्रकारांनी. ट्रस्ट, म्हणजे विश्वस्त ठरलेले. सोसायटी, १८६० च्या कायद्याखाली, निदान सात जण लागतात, सर्वसाधारण सभा आणि निवडणूक असते, आणि आपल्या राज्यात ती धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवतात म्हणून एकाच संस्थेचे दोन नंबर दिसतात, त्यात काही लपवाछपवी नसते. तिसरा, कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. ट्रस्ट आणि सोसायटीने दर वर्षी ऑडिट करून हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यायचा, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट टाकायचा. गावातल्या संस्था अडकतात त्या इथेच. जुने अध्यक्ष वारले, चेंज रिपोर्ट टाकलाच नाही, दहा वर्षांनी कोणी देणगी द्यायला आलं तर बँक म्हणते सहीचा अधिकार कोणाचा?

१२ए आणि ८०जी हे आयकराचे दोन शब्द पावतीवर दिसतात. पहिला संस्थेला स्वतःच्या उत्पन्नावरच्या करातून सूट देतो, त्यासाठी उत्पन्नाचा ८५ टक्के भाग साधारणपणे कामावर खर्च व्हायला लागतो. दुसरा तुमच्यासाठी, दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेवर सूट, पण ती जुन्या करपद्धतीत, नवीन पद्धत घेतली असेल तर नाही, आणि दोन हजारांवर रोख दिलेत तरी नाही. ट्रान्सफर करा आणि पावती मागा.

मोठा पैसा येतो तो कंपन्यांच्या सीएसआरमधून. कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. चांगली गोष्ट आहे, त्यातून खूप कामं झालीत. अडचण अशी की कंपनी साहजिकच आपल्या आसपासच्या भागाला आधी बघते, त्यामुळे जिथे कारखाना नाही, जिथे जंगल खरंच शिल्लक आहे, तिथे पैसा कमी पोचतो. आणि सीएसआरचा चालू प्रकल्प कायद्यानेच सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा. तीन वर्षांत काय होतं? रोपं लावून होतात, फोटो होतात, रिपोर्ट होतो. रोप जगलं की नाही हे कळेपर्यंत प्रोजेक्ट संपलेला असतो. वेळासला २००२ ते २००६ अशी चार वर्षं गेली तेव्हा कुठे महोत्सव सुरू झाला, तीन वर्षांची मुदत असती तर महोत्सवाआधीच गाशा गुंडाळावा लागला असता. मला या सगळ्या रचनेतली सगळ्यात मोठी खोट हीच वाटते, पैसा प्रोजेक्टला मिळतो, माणसाला मिळत नाही. गावात राहणाऱ्या, बाईकवरून वाड्या-वाड्या फिरणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार, त्याचं पेट्रोल, याला "ॲडमिन खर्च" म्हणून कात्री लागते आणि खरं तर तोच माणूस म्हणजे संस्था.

परदेशी पैशांबद्दल गैरसमज जास्त. तो घ्यायला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि २०२० पासून नियम कडक झालेत, पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यायला हवा, प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका संस्थेला मिळालेला परदेशी पैसा ती दुसरीला पुढे देऊ शकत नाही. पूर्वी पुण्या-मुंबईची मोठी संस्था कागदपत्रं सांभाळायची आणि गावातल्या छोट्या गटाला पैसे द्यायची, ती वाट बंद झाली. त्यामुळे गावातल्या संस्थेकडे परदेशातून पोतीच्या पोती येतात हे बहुतेक वेळा खरं नसतं.

मग "प्रकल्प अडवणारे" कोण? काही संस्था आणि समित्या कायद्याच्या रस्त्याने जातात, तोही वेगळा आणि अवघड प्रकार आहे. मोठा प्रकल्प येणार असला की पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे बहुतेक वेळा जनसुनावणी घ्यावी लागते, निदान ३० दिवस आधी नोटीस, प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अहवालाचा सारांश मराठीत, आणि तो जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत इथे बघायला ठेवावा लागतो. पूर्ण अहवाल शेकडो पानांचा. त्यात तुमच्या गावच्या खाडीचं वर्णन बरोबर आहे का, तिथे मासेमारी चालते हे लिहिलंय का, की खाडीचं नावच नाही, हे शोधून गावाला सांगणारी माणसं लागतात. मंजुरी मिळाली आणि ती चुकीची वाटली तर हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायालयाकडे, अपील करायला पहिले ३० दिवस, आपलं पीठ पुण्यात. तीस दिवसांत वकील, कागद, पैसे उभे करणं एकट्या गावाला जमत नाही.

सावंतवाडी-दोडामार्गचं उदाहरण घ्या. हा पट्टा म्हणजे सह्याद्रीतून गोवा-कर्नाटकाकडे जाणाऱ्या जनावरांची वाट. मुंबईच्या वनशक्ती संस्थेने उच्च न्यायालयात याचिका लढवली, २०१३ मध्ये या पट्ट्यात झाडतोडीला बंदी आली आणि २०२४ च्या मार्चमध्ये न्यायालयाने २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्याबद्दल निकाल दिला. दहा वर्षांच्या वर गेला काळ. आणि इथे गावातल्या माणसाची तक्रारही मी मनावर घेते, की आमच्या बागायतीचं काय, काजू-रबर लावायचं की नाही, घर बांधायला लाकूड कुठून आणायचं? न्यायालयाचा आदेश तोड थांबवतो, काकाच्या हातात पैसे देत नाही. म्हणून कोर्टात जाणारी संस्था आणि करार करणारी, बेहडा विकायला मदत करणारी संस्था, या दोघी एकाच गावात एकमेकींशी बोलत असल्या तरच ते टिकतं. दुर्दैवाने पुष्कळदा बोलत नाहीत.

शेवटी तुमच्या हातातलं एक हत्यार सांगते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायला हवी, गावात कोणती झाडं, कोणते मासे, कोणती भातं, औषधं कोणाला माहीत आहेत, सगळं. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि मग देशभर घाईघाईने नोंदवह्या भरल्या गेल्या, त्यामुळे तुमच्या गावच्या नोंदवहीत भलत्याच गावची झाडं असतील तर आश्चर्य वाटून घेऊ नका. पण नीट वापरली तर याच कायद्यात ताकद आहे. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डेला कानळाची राई आहे, मिरिस्टिका म्हणजे रानजायफळाच्या जातीची दलदल, मुळं पाण्यातून गुडघे काढून वर आलेली, असली दलदल महाराष्ट्रात मिळेल असं कोणाच्या मनात नव्हतं. आंबोलीला हिरण्यकेशीच्या कुंडात एक छोटा मासा सापडला जो जगात दुसरीकडे कुठे माहीत नाही. दोन्ही जागा आता जैवविविधता वारसा स्थळं आहेत, आंबोलीची २०२१ मध्ये झाली. अडीच हेक्टर, दोन हेक्टर, एवढ्याशा जागा, पण स्थानिक निसर्गवेड्या मंडळींनी वर्षानुवर्षं पाय भिजवून बघितलं, नोंदी ठेवल्या, गावाला पटवलं म्हणून.

तर मे महिन्यात गावाला जाल तेव्हा १ मेची ग्रामसभा चुकवू नका. तिथे ग्रामसेवकांना (आता ग्रामपंचायत अधिकारी) विचारा समितीत कोण कोण आहे, नोंदवही कुठे आहे, ती उघडून तुमच्या वाडीचं पान काढा, तुमच्या राईचं, वहाळाचं, खाडीचं नाव त्यात आहे का बघा. नसेल तर दुरुस्तीचा ठराव तिथेच मांडा आणि शेजारच्या म्हातारीला सोबत बसवून नावं लिहून घ्या, तिला ती येतात. तालुक्यात काम करणारी संस्था शोधा, तिचा मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट मागा, जी संस्था न चिडता दाखवते तिला पैसे द्या, आणि देताना सांगा की हे रोपांना नको, त्या फिरणाऱ्या मुलाच्या पेट्रोलला वापरा. आणि घरच्या सामायिक डोंगराबद्दल ठेकेदाराचा फोन आलाच, तर हो म्हणायच्या आधी सगळ्या भावंडांना एकत्र बसवून एकदा त्या संस्थेच्या माणसाला बोलवा, तो येतो.